सेवाग्रामच्या शिक्षिका मार्जोरी साइक्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ ऑगस्ट हा मार्जोरी साइक्स यांचा स्मृतिदिन. आमच्या वर्धा जिल्ह्यातसुद्धा तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही, याचे वाईट वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. १९०५ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या खाणपट्ट्यात जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या मार्जोरीबाई १९२८ मध्ये मद्रासच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत शिकवण्यासाठी आल्या आणि पुढची साठेक वर्षे त्यांनी याच देशात काढली. त्या तमीळ शिकल्या, बंगाली शिकल्या, शांतिनिकेतनात राहून त्यांनी रवींद्रनाथांच्या नाटकांचे इंग्रजी अनुवाद केले, गांधीजी आणि रवींद्रनाथ यांचे इंग्रज स्नेही दीनबंधू अँड्र्यूज यांचे चरित्र बनारसीदास चतुर्वेदींच्या सोबतीने लिहिले आणि देश स्वतंत्र झाल्यावर भारताचे नागरिकत्व घेतले.

मला विशेष सांगायचे आहे ते त्यांच्या सेवाग्राममधील दहा वर्षांविषयी. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४९ मध्ये, त्या आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याच्या हिंदुस्तानी तालीमी संघात दाखल झाल्या. नई तालीमचे, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या पद्धतीचे, शिक्षक घडवणे हे त्यांचे तेथील मुख्य काम होते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली असल्यामुळे या कामाची अवघड बाजू मला जाणवते. नई तालीमच्या शाळेत दिवसाची सुरुवात सफाईने होई आणि संडास-सफाई हे अमुक एका जातीचे काम ही समजूत तेथे भाषणाने नव्हे, तर सर्वांनी हातात झाडू घेऊन मोडली जाई. सूतकताई हा गणिताचा तास असे. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी, असा हिशेब मूल स्वतःच्या हाताने कातलेल्या सुतावर करी. स्वयंपाकघराला किती धान्य लागले, भाजीच्या वाफ्यातून किती उत्पन्न आले, हेही मुलेच मांडत आणि आमसभेत एकमेकांना जाब विचारत. असे वर्ग चालवायला पाठ्यपुस्तकाचा आधार कमी आणि शिक्षकाची तयारी फार लागते, हे ज्याने वर्ग सांभाळला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मार्जोरीबाई क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या होत्या. युद्धात कोणत्याही बाजूने शस्त्र धरायचे नाही, ही त्या पंथाची शिकवण. तरीही शांतता हा आपल्या मनापुरता विषय आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. १९६४ मध्ये नागालँडमध्ये जयप्रकाश नारायण, आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांच्या शांतता मिशनच्या प्रयत्नांतून युद्धबंदी झाली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी जे निरीक्षक नेमले गेले त्यांत साठीला आलेल्या मार्जोरीबाई होत्या. एका बाजूला भारतीय सैन्य, दुसऱ्या बाजूला वेगळ्या नागा राष्ट्रासाठी लढणारे नागा भूमिगत, आणि मधे तक्रारी ऐकून त्यांची शहानिशा करणारी ही शिक्षिका! मिशन पुढे मोडले आणि तोडगा काही निघाला नाही, हे खरे. पण दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारे कोणीतरी तेथे ठाण मांडून बसले होते, याचे मोल मला फार वाटते. त्याआधी आणि त्यानंतरही त्या निलगिरीतील कोटगिरीत राहिल्या आणि उतारवयात होशंगाबादजवळच्या रसुलियाच्या ग्रामकेंद्रात काम करत राहिल्या. वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, १९८८ मध्ये, सेवाग्राममधील नई तालीमच्या पन्नास वर्षांची हकिकत त्यांनी लिहून दिली. त्यात केवळ गौरव नाही, प्रयोग कोठे आणि का मंदावला याचीही चर्चा आहे.

आज आपल्या शाळांत शांतता आणि समता हे विषय मूल्यशिक्षणाच्या तासिकेत, परिपाठात किंवा फलकावरील सुविचारात येतात आणि तेथेच राहतात. त्याच शाळेत स्वच्छतागृह कोण धुते, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, दोन मुलांचे भांडण कोण आणि कसे मिटवते, याकडे मात्र शिक्षण म्हणून पाहिले जात नाही. मार्जोरीबाईंनी नेमके तेथेच पाहायला शिकवले, असे मला वाटते.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या प्रशिक्षणार्थींची सहल सेवाग्रामला येते तेव्हा बापू कुटी पाहून तिला परत नेऊ नये. नई तालीमच्या परिसरात एक संपूर्ण दिवस काम करण्याची तरतूद त्यांच्या अभ्यासक्रमात असावी आणि मार्जोरीबाईंचे ते लेखन मराठीतून त्यांच्या हाती द्यावे. दुसरी विनंती आपल्यालाच आहे. शिक्षक दिनाच्या पुरवणीत यंदा त्यांच्यावर एक सविस्तर लेख छापावा. सेवाग्राममध्ये त्या काळी शिकलेले काही विद्यार्थी आज वृद्धापकाळात असतील. त्यांच्या आठवणी त्यानिमित्ताने नोंदवून घेता येतील आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वर्धा