पंपाचे बटणच पाण्याखाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीतले वीसेक रहिवासी बेसमेंटच्या उतारावर उभे राहून खाली साचलेल्या पाण्याकडे बघत होते. पाणी उपसायचा पंप आमच्याकडे होता. दर पावसाळ्याआधी तो चालवूनही बघितला जायचा. पण त्याचा स्टार्टर खालच्याच भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीला, आणि शेजारी सगळ्या इमारतीची मीटर रूम. थोडक्यात, पाणी आले की आधी बुडणार ते पाणी काढायचे साधन. बांधणाऱ्याच्या हे लक्षात आले नाही, आणि इतकी वर्षे रोज त्या स्टार्टरसमोरून ये-जा करणाऱ्या आमच्याही आले नाही, हे आधी कबूल करतो.

मीटर आणि पॅनेल तळघरात ढकलण्यामागचा हिशेब सरळ असतो : वरची जागा मोलाची, खालची फुकटची. या हिशेबात मोठमोठे फसले आहेत. मार्च २०११ मध्ये भूकंपाने फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची बाहेरून येणारी वीज तुटली, तेव्हा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले होते. मग त्सुनामी आली आणि तळघरांतले जनरेटर व पॅनेल पाण्यात गेली. पुढचे जगाला माहीत आहे. ऑक्टोबर २०१२ मधल्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना डिझेल पुरवणारे पंप मात्र तळघरात. लोकांनी जिन्यात रांग लावून हातोहात डिझेल वर चढवले, तरी अखेर रुग्णालय रिकामे करावे लागलेच. जनरेटर वर नेताना पंपाचा विचार राहून गेला, जसा आमचा स्टार्टरचा राहिला.

पण हे पत्र लिहायला बसलो ते त्या सकाळी ऐकलेल्या एका वाक्यामुळे. आमच्यातला एक तरुण चपला काढून पाण्यात उतरायला निघाला, गाडी काढायची म्हणून. अडवले तर म्हणाला, ‘‘लाईट गेलेलीच आहे, शॉक कुठून बसणार?’’ लाईट गेली आहे म्हणजे ती कोणत्याही क्षणी येऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. लाईनमन दूर कुठेतरी बिघाड काढतो आणि बटण दाबतो. आपल्या तळघरात कोण गुडघाभर पाण्यात उभे आहे हे त्याला कसे कळणार? शिवाय कुणाच्या घरचा इन्व्हर्टर, गच्चीवरचे सौर पॅनेल चालू असतेच. आमचा मेन स्विचही खालीच असल्यामुळे तो बंद करायला जाणे हाच सर्वांत मोठा धोका होता. अशा वेळी वीज कंपनीला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घेणे आणि तोवर उतारावरच थांबणे, दुसरा मार्ग नाही.

गाडीच्या मोहाबद्दलही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात वादळी पावसात लोक भूमिगत पार्किंगमधून गाड्या काढायला उतरले आणि पाणी इतक्या वेगाने आत शिरले की सात जण दगावले. पाण्याचा रेटा डोळ्यांना दिसत नाही. तीन फूट रुंद दारामागे दोन फूट पाणी असेल, तर दारावर सुमारे १७० किलोचा दाब असतो. आपल्या दिशेने उघडणारे दार असेल तर ते अंगावर येते आणि उलट बाजूचे असेल तर हलत नाही.

पुरवठा तुटल्यावर उपसा सुरू करायचा, तर तिथेही घाई नडते. दोन हजार चौरस फुटांच्या तळघरात दोन फूट पाणी म्हणजे एक लाख तेरा हजार लिटर. पंधरा लिटरच्या साडेसात हजार बादल्या, तेव्हा बादल्यांचा उत्साह आवरलेला बरा. आणि मोठा पंप मिळाला तरी सगळे पाणी एका दिवसात काढू नये. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते, ती भिंतीला आत ढकलत असते. आतल्या पाण्याचाच भिंतीला टेकू असतो. तो एकदम काढला की भिंत तडकते, फरशी वर उचलली जाते. बाहेरचे पाणी ओसरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश काढावे, हा सावध हिशेब. आमच्याकडे यावरूनही भांडण झाले.

त्यातच कुणीतरी जनरेटर आणला आणि पावसाने भिजू नये म्हणून उताराच्या छताखाली ठेवला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तळघरात तो साचला की माणूस गुंगीत जातो. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून किमान वीस फूट लांबच हवा. त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचून घर उजळवण्याचा ‘जुगाड’ तर कुणीच करू नये. तो प्रवाह उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन ११,००० व्होल्ट होतो आणि खांबावर चढलेल्या माणसाला गाठतो.

भिजलेले एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे छोटे स्विच, वाळवून परत बसवणारे वायरमनही भेटले. ते बदलायचेच असतात. बुडालेली गाडी ‘एकदा बघू तरी’ म्हणून सुरू केली की इंजिनात गेलेले पाणी दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. आमच्याकडे दोघांनी बघितले.

आपल्या वृत्तपत्रातून बांधकाम परवानगी देणाऱ्यांना एवढेच विचारावे, की मीटर, मेन स्विच आणि उपशाच्या पंपाचा स्टार्टर रस्त्याच्या पातळीच्या वर आहे का, हे नकाशा मंजूर करतानाच का तपासले जात नाही?

आमचा स्टार्टर आता पहिल्या मजल्याच्या जिन्यात आला आहे. वायरमनला अर्धा दिवस लागला. मीटर अजून खालीच आहेत. त्यांच्यासाठी तळमजल्यावरची कोणती खोली सोडायची, यावर तीन बैठका झाल्या.

आपला,
एक वाचक