रोबोच्या आधी एक बोट

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा रोबो आणावा की नाही, यावर हल्ली जाणती माणसे बोलतात. त्या रोबोखाली झोपून आलेला माणूस म्हणून मीही थोडे बोलतो.

मी राजापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. गुदाशयाच्या कर्करोगासाठी मुंबईत माझे ऑपरेशन रोबोने झाले. रोबो आपल्या मनाने काही कापत नाही. बाजूला कन्सोलवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टेबलाशी, बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. पुरुषाचे कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांमधली पोकळी, अरुंद, गुदाशय पार तळाशी, आणि लघवीच्या नसा अगदी खेटून. निमुळत्या तोंडाच्या कळशीत हात घालून तळ घासावा, तसे ते काम. रोबोची अवजारे मनगटासारखी वळतात, आतले त्रिमित दिसते, हाताचा कंप गाळला जातो. अशा अडचणीच्या जागी त्याचा उपयोग आहे, हे मी मानतो.

पण आकडेही पाहावेत. गुदाशयाच्या कर्करोगात रोबो आणि लॅप्रोस्कोपी (छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया) यांची तुलना करणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोलार' चाचणीत ४७१ रुग्ण होते. मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोत ८.१ टक्के, साध्या लॅप्रोस्कोपीत १२.२. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. खर्च मात्र वाढला. पुढे चीनमधल्या ११ रुग्णालयांच्या चाचणीत, तीन वर्षांत त्याच भागात कर्करोग उलटण्याचे प्रमाण रोबोत १.६ आणि लॅप्रोस्कोपीत ४ टक्के आले. तिथले सर्जन मात्र मुरलेले होते. तेव्हा यंत्र घ्याल तर ते चालवणाऱ्या हातांच्या सरावाचेही पैसे धरा, नाहीतर फीत कापल्यावर त्यावर कव्हर चढेल.

आता माझे गाऱ्हाणे. आठ महिने शौचावाटे रक्त जात होते. दोन ठिकाणी दाखवले, दोन्हीकडे मूळव्याध ठरली. मलम मिळाले, गोळ्या मिळाल्या. घरी सौ.ने सुरण इतका खाऊ घातला की आता नाव काढले तरी नको वाटते. त्या आठ महिन्यांत हातमोजा चढवून, बोट घालून कुणीही तपासले नाही. माझी गाठ बोटाला लागणारी होती. मुंबईत पहिल्याच दिवशी लागली. मग कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), तुकडा तपासणी, आणि पुढचे सगळे. बहुतेक रोबोंना स्पर्श कळत नाही, साहेब. बोटाला कळतो, आणि त्याला निविदा लागत नाही.

म्हणून मागणी उलट्या क्रमाने करतो. रक्त जाते म्हणून आलेल्या प्रत्येकाची बोटाने तपासणी ग्रामीण रुग्णालयात सक्तीची करा. उपजिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपीचा ठरलेला वार असू द्या, आणि तुकड्याचा अहवाल आठवड्यात येऊ द्या. मग रोबो रत्नागिरीला आणा, नाहीतर मुंबईतच ठेवा. वेळेत निदान झालेला रुग्ण रात्रीच्या गाडीने तिथवर जाईल. आम्हा कोकण्यांना मुंबईची वाट नवी नाही.

आणि एक. ऑपरेशननंतर काही महिने माझ्या पोटावर शौचाची पिशवी होती. पावसाळ्यात घामाने तिची चकती सुटते, आणि ती नीट कशी बसवावी हे दाखवणारी परिचारिका मला इथे भेटली नाही. पिशव्या पुतण्या परळहून एसटीच्या पार्सलने पाठवायचा. घाटात दरड कोसळली तेव्हा दोन दिवस मी फडके बांधून काढले. या पिशव्या तालुक्याच्या रुग्णालयात ठेवायला किती खर्च येईल, तेवढे कळवावे.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक रुग्ण