मोठं मन म्हणू नकोस

नागपूर,
१२ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

परवा फोनवर लग्नाचं सांगितलं आणि तू लगेच म्हणालास, "अबे, मानलं तुला. एवढं मोठं मन पाहिजे." मी "हो रे" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून चैन नाही. घरचे, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे हेच म्हणून राहिले आहेत, त्यांचं मी ऐकून घेतो. पण होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली आपण. तुझ्याकडून हे कौतुक घेतलं तर ती चोरी होईल, कारण यात मोठेपणा कणभर नाही. जे आहे ते मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

प्रज्ञाच्या उजव्या पायाला पोलिओ आहे. पाय तसा असूनही मला ती आवडली, असं सगळे धरून चालतात. खरं म्हणजे मला आधी तिचं चालणं आवडलं. आणि हे काही आत्ताचं नाही, संज्या. वयात आल्यापासून मला अशाच स्त्रियांची ओढ वाटत आली. कुबडी घेऊन चालणारी, पायाला आधाराचं कॅलिपर लावलेली, एका बाजूला झुकून पाऊल टाकणारी बाई दिसली की माझ्या छातीत जे होतं, ते तुला त्या वेळी तिसऱ्या बाकावरच्या मुलीबद्दल व्हायचं. तू रात्र रात्र बोलायचास, मी कूस बदलून झोपल्याचं सोंग करायचो. मला वाटायचं, मी तोंड उघडलं तर तू खोली बदलून घेशील.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी रोज संध्याकाळी उशिरा यायचो, मेसमध्ये तू माझं ताट झाकून ठेवायचास. आठवतं? मी बर्डीवर एका पानठेल्याजवळ उभा असायचो. समोरच्या स्टॉपवर आपल्याच वयाची एक मुलगी कुबड्या घेऊन बसची वाट पाहायची, दुसऱ्या कॉलेजची. बस आली की स्टॉपपासून दारापर्यंतची तिची दहा-बारा पावलं, तेवढ्यासाठी मी तासभर थांबायचो. एक दिवस ती सरळ रस्ता ओलांडून माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "रोज काय पाहून राहिले तुम्ही?" आवाज थकलेला होता, जणू हा प्रश्न तिने याआधी खूप जणांना विचारला असावा. मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही, पण तिची माफीही मागितली नाही. ती माणूस म्हणून माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मला पळायचं सुचलं, आणि लपून पाहत होतो तेव्हा मात्र माझं धाडस मोठं होतं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

पुढे इंटरनेट आलं. सायबर कॅफेच्या फळकुटाच्या केबिनमध्ये एका दुपारी मला कळलं की अशा माणसांना इंग्रजीत 'डिव्होटी' म्हणतात, भक्त या अर्थाने. हात-पाय नसलेल्यांची ओढ वाटणं यालाही जॉन मनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने भलंमोठं ग्रीक नाव देऊन ठेवलं होतं. जगात मी एकटा नाही, हे कळून मी त्या केबिनमध्ये अक्षरशः रडलो. मग वाचत गेलो तसा घाबरलो. त्यात असेही पुरुष होते जे रस्त्यावर बायकांचे चोरून फोटो काढत, आणि अशा बायकांनी लिहिलेलं होतं की आम्हाला यांचा किळस येतो. पानठेल्याजवळ उभा असलेला मी त्या फोटो काढणाऱ्यांहून फार दूर नव्हतो.

एका डॉक्टरांनी, नाव घेत नाही, सगळं ऐकून सांगितलं की लग्न करून टाका, आपोआप जाईल. ते ऐकून मी आणखी पाच वर्षं गप्प. नंतर धंतोलीत दुसऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी शांतपणे समजावलं की ओढ वेगळी आहे एवढ्यावरून तिला आजार म्हणत नाहीत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं जे पुस्तक निघालं, त्यातही हा भेद स्पष्ट केला आहे. त्या ओढीपायी माणूस स्वतः मोडत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, समोरच्याची संमती नसेल, तर तो आजाराचा प्रश्न. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्रास कशाचा होतो? ओढीचा की लपवण्याचा?" त्या दिवशी शंकरनगरपर्यंत पायी आलो, गाडी तिथेच विसरून.

तरी हिंमत आली नव्हती. पस्तिसाव्या वर्षी मावशीने एक स्थळ आणलं. मुलगी एका पायाने अधू, एम.ए. झालेली. कांदेपोहे झाले, ती ट्रे ठेवून जाताना मी पाहिलं आणि मनातून हो म्हणून बसलो. घरी येताच आई म्हणाली, "आपल्यात काय कमी आहे म्हणून असली मुलगी करायची?" मी काहीच बोललो नाही. हो म्हटलं तर लोक विचारतील का, आणि का याचं उत्तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल, ही भीती. मावशीने नकार कळवला. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार मी अजून करतो. मला ती हवी होती आणि मीच तिला नाकारलं.

प्रज्ञा भेटली ती गृहकर्जामुळे. बँकेत माझी फाईल तिच्या टेबलावर. तीन वेळा परत पाठवली, एकदा एन.ए.ची, म्हणजे जमीन अकृषक असल्याच्या कागदाची, प्रत नाही, एकदा सही जुळत नाही, एकदा पान उलटं लावलंय म्हणून. चौथ्या वेळी ती स्वतः उठून मॅनेजरच्या केबिनकडे गेली आणि मी पाहिलं. तुला कॅलिपर माहीत नसेल. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी दोन कड्या. उभं राहिलं की कड्या खाली सरकून गुडघा बांधला जातो, बसताना त्या बोटांनी वर ओढाव्या लागतात. खट्, खट्. तो आवाज मी आता घरात दुसऱ्या खोलीतून ओळखतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटते, म्हणून ती आत सुती मोजा घालते आणि रात्री खोबरेल लावते. हे मला दोन वर्षांनी कळलं. आधी मला फक्त चालणं दिसायचं.

लग्नाचा विषय निघायच्या आधी सांगायचं मी ठरवलं होतं. फुटाळा तलावाच्या काठावर, पावसाळ्यात, हातात भुट्टा. सगळं सांगितलं, बसस्टॉपवरच्या मुलीसकट. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मला घरी सोड." आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी तिचाच आला. जे बोलली ते मला शब्दशः आठवतं:

"हे बघ. आजवर जे आले ते पाय वगळून पसंत करायला आले. चेहरा छान आहे, नोकरी छान आहे, फक्त पाय. पाय धरून पसंत करणारा तू पहिला. मला हे पटायला वेळ लागेल. पण पाय माझं दुखणंसुद्धा आहे. रात्री तो ठणकतो तेव्हा तुला जर तो सुंदर दिसला, तर मला फार राग येईल. तेव्हा तू तेल गरम करून आण."

संज्या, माझी ओढ मान्य करणं म्हणजे काय, हे त्या फोनवर कळलं. तोवर मी फक्त स्वतःला माफ करण्याच्या मागे होतो, समोर जिचं शरीर आहे तिला काय वाटतं हे माझ्या हिशेबातच नव्हतं. लहानपणी पोलिओ झालेल्यांना कित्येक वर्षांनी पुन्हा थकवा येतो, स्नायू आणखी दुबळे होतात. तिच्या डाव्या, चांगल्या पायालाही सगळा भार वाहून दुखणं लागलंय. उद्या व्हीलचेअर येऊ शकते. तेव्हा ते चालणं, ज्यापासून माझं सुरू झालं, ते राहणार नाही. तिने हेही विचारलं. मी म्हणालो, तेव्हा मी खुर्चीमागे असेन. ती म्हणाली, "मागे नको, बाजूला चाल. मी चाकं स्वतः फिरवीन."

एकदा तिने विचारलं, मला पोलिओ झाला याचा तुला आनंद आहे का? मी खूप वेळ विचार केला. नाही. देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिच्यासारखा पाय आता सहसा कुठल्या पोरीच्या वाट्याला येणार नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. ती आहे तशी मला आवडते, पण तिच्यावर आलं ते कोणावर यावं असं मला कधीच वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी नांदतात, तू विश्वास ठेव.

आता त्या मोठ्या मनाबद्दल. दिव्यांग-अव्यंग विवाहासाठी राज्य सरकारने २०१४ साली ५० हजारांची मदत सुरू केली, बायकोचं किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडायचं. फॉर्मची चौकशी करायला गेलो तर एक जण हात जोडून म्हणाला, "साहेब, पुण्याचं काम करून राहिले." मला इतकं वाईट वाटलं की फॉर्म न घेताच परतलो. प्रज्ञा संतापली. म्हणाली, "तुझा मान ठेव तुझ्यापाशी, त्या पैशात बाथरूमला आडवे बार आणि कमोड होतो. उद्या जा आणि फॉर्म आण." आणला. पण मुद्दा तोच राहतो. लोकांना माझ्यात त्यागी दिसतो नाहीतर विकृत, मधलं काही सुचतच नाही. त्याग म्हटलं की तिच्याकडे देण्यासारखं काही नाही असं ठरतं. एवढी हुशार, तापट, भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी भांडणारी बाई, आणि मी तिच्यावर उपकार करतोय! उपकार कोणाचे ते मला विचार.

आईला अजून खरं कारण सांगितलेलं नाही. तिला वाटतं मुलगा देवमाणूस आहे. सांगेन, पण प्रज्ञा म्हणते घाई नको, आधी त्यांना माझी डाळभाजी आवडू दे.

विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली आहे, ३० दिवस थांबावं लागतं. दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या शेवटी सही. साक्षीदार म्हणून तुझंच नाव घातलंय, न विचारता. पुण्याहून गरीबरथचं तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं. जेवणाचा हॉल धरमपेठेत घेतलाय, दाराला एकही पायरी नाही, आम्ही दोघं पाहून आलो.

हे वाचून तुला जे वाटेल ते मला लिही. राग आला तरी लिही. तिला भेटशील तेव्हा फक्त एवढंच विचार, फाईल तीनदा का परत पाठवली होती. त्यावर ती तासभर बोलू शकते.

तुझा,
विन्या