पत्र हाय, तार न्हाई!

तीर्थस्वरूप पोस्टमनतात्यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या तेराव्याला तुम्ही काठी टेकत आलात, पानावर दोन घास खाल्लेत आणि न बोलताच उठलात. मलाही बोलता आलं नाही. घर पाहुण्यांनी भरलं होतं. जो तो आईचं सांगत होता. फौजीची बायको, फौजीची आई, एकोणनव्वद वर्षं ताठ मानेनं जगली. सगळं खरं, पण त्यात तुम्ही कुठंच नव्हता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय.

आमच्या साताऱ्याकडं फौजेत जाणं नवं नाही. तिथल्या एका अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. माझे वडील, म्हणजे दादा, १९५३ साली बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरवर भरती झाले. दोन वर्षांनी आई लग्न होऊन आली, ती सासू, दोन म्हशी आणि जिरायत जमिनीचा तुकडा सांभाळायला. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा. उरलेले दहा महिने दादा म्हणजे निळं आंतर्देशीय पत्र आणि महिन्याची मनिऑर्डर. दोन्ही तुमच्या पिशवीतून यायचं.

आईला तेव्हा अक्षरओळख नव्हती. मनिऑर्डरीवर अंगठा उठवायचा तर साक्षीदार लागतो. साक्षीला घरातलंच एक माणूस यायचं आणि नोटा घ्यायला आईच्या आधी त्यांचा हात पुढं यायचा. तुम्ही ते बघत होता. तुमचं वय तेव्हा जेमतेम चोवीस-पंचवीस, नोकरी नवी. बोलला असता तर भांडण झालं असतं.

पत्र तुम्ही ओट्यावर बसून वाचून दाखवायचा. ख्यालीखुशाली, म्हशीची चौकशी, आजीचं औषध. मग मध्येच थांबायचा, पत्राची घडी घालायचा आणि म्हणायचा, “वैनी, हितनं म्होरलं तुमचं एकटीचं हाय.” आई ती घडी कमरेला खोचायची, रात्री चिमणीच्या उजेडात उघडून बघायची आणि परत मिटायची. वाचणार कशी? असं चार-पाच वेळा झालं, आणि एक दिवस तुम्ही पिशवीतून पत्राऐवजी पाटी काढलीत.

हा भाग आई मला अखेरपर्यंत सांगायची, दर वेळी त्याच शब्दांत. साल १९६५. वाटप संपवून परत जाताना अर्धा तास. गावाच्या तोंडाला हात लावता येत नाही म्हणून तुम्ही आजीला समोर बसवून घ्यायचा. आजी शेंगा फोडत बसायची. तुम्ही आधी आईला तिचं नाव शिकवलंत, मग दादांचं. गमभन नंतर आलं. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा ती मनिऑर्डरीवर सही करत होती. साक्षीदाराची गरज संपली. त्या माणसानं पुढं दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढली नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही.

पत्त्याचं कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.’. ज्या पत्त्यात गावच नाही, ते पत्र पोचतं कसं? तुम्ही समजावलंत, पलटण कुठं आहे ते शत्रूला कळू नये म्हणून फौजेचं टपाल आकड्यावर चालतं. ५६ म्हणजे पश्चिमेकडची बाजू, ९९ म्हणजे पूर्वेकडची. पुढं एका पत्रावर ५६ च्या जागी ९९ दिसला आणि आई आजीला म्हणाली, “पलटण हलली.” नकाशा तिनं कधी पाहिला नव्हता.

१९७१ चा डिसेंबर मला स्वतःला आठवतो. मी नऊ वर्षांची होते. त्या दिवसांत तुमची सायकल आळीत वळली की घराघरांतून बाया दाराशी यायच्या आणि एकही पुढं व्हायची नाही, कारण पिशवीत तारही असू शकायची. म्हणून तुम्ही वडाच्या पारापासूनच ओरडत यायचात, “पत्र हाय, तार न्हाई!” मग त्या पुढं यायच्या. एका दुपारी तुम्ही ओरडला नाहीत. तेव्हा शेजारच्या काकूंच्या दारात सायकल उभी राहण्याआधीच आईनं चूल विझवली होती. त्या रात्री तुम्हीही घरी गेला नाहीत, पारावर बसून होता. आईनं तुम्हाला भाकरी पाठवली ती माझ्याच हातून.

दादा जंगी पलटणीत, पहिल्या मराठ्यांत होते. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. रजेवर आल्यावर त्यांनी सांगितलं, आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं आणि उत्तरात कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. पत्र नेलं होतं मुक्तिबाहिनीतल्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांतल्या, एका म्हाताऱ्यानं. पुढच्या लढाईचं, १० डिसेंबरच्या रात्रीचं, ऐकायला सगळे कान टवकारून बसले होते. आईनं एवढंच विचारलं, “आणि त्यो म्हातारा परत आला का?” दादा म्हणाले, आला. तिनं तुमच्या घराकडं बघितलं, हे माझ्या लक्षात राहिलंय.

तुम्हाला एक बहुधा ठाऊक नसेल. तुमची बदली दुसऱ्या गावाला झाली, त्यानंतर आळीतल्या नव्या सुना पत्रं घेऊन आईकडं यायला लागल्या. ती वाचून दाखवायची आणि तुमच्यासारखीच मध्ये थांबायची. “हे तुझं तू वाच,” म्हणायची आणि फडताळातून पाटी काढायची. तीच पाटी. किती जणी त्या पाटीवर सही शिकल्या, ते मी मोजलं नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात माझा भाऊ कारगिलच्या लढाईत द्रासला होता, तेव्हा तर ती रोज सकाळी मारुतीच्या देवळात बायांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. आवाज एकदाही हलला नाही. घरी येऊन मात्र ती दुपारपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

दादा १९९४ ला गेले. मग आईची फॅमिली पेन्शन आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ऐंशी पूर्ण झाली तेव्हा पेन्शनीत वीस टक्के वाढ मिळायला हवी होती. कागदावर जन्मतारखेचा घोळ होता, तो निस्तरायला वर्ष गेलं. अर्ज भावानं लिहिले, सह्या तिनं केल्या. एकदा बँकेत कोवळ्या पोरानं तिचं वय बघून शाईचं पॅड पुढं सरकवलं. आईनं ते हळूच मागं सारलं आणि म्हणाली, “पेन दे बाळा.” थरथरत, पण पूर्ण नाव लिहिलं. माझं, तुमचं, सगळ्यांचं आयुष्य त्या अंगठ्याच्या आणि सहीच्या मध्ये कुठंतरी आहे असं मला तेव्हा वाटलं. तुम्हाला हे कळवायचं राहून गेलं होतं.

दादांची काळी ट्रंक आम्ही उघडली. वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर अजून दिसतो. आत पत्रांचे गठ्ठे, सालवार सुतळीनं बांधलेले. मी सुतळी सोडली नाही. तात्या, ज्या ओळी तुम्ही वाचल्या नाहीत, त्या मीही वाचणार नाही. ट्रंक गावीच ठेवलीय. पाटी तेवढी मी पुण्याला आणली, दिवाळीत येताना तुम्हाला दाखवायला आणेन. एक कोपरा उडालाय तिचा.

गुडघ्याचं तेल वहिनीजवळ दिलंय, रात्री लावून घेत जा.

तुमची,
सुभेदारांच्या घरची थोरली