तुरटी वाढवून किती भागणार?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘नळाला गढूळ पाणी’ ही बातमी पावसाळ्यात येतेच, यंदाही आली. जलशुद्धीकरण केंद्रात तीस वर्षं फिल्टर ऑपरेटर होतो, म्हणून लिहितो.

पहिला मोठा पाऊस झाला की आमची जार टेस्टची धांदल. काचेची सहा भांडी ओळीनं मांडायची, प्रत्येकात तुरटी कमी-जास्त, आत पाती फिरताहेत. कोणत्या भांड्यात गाळाचे कापसासारखे पुंजके धरून चटकन तळाला बसतात ते बघून डोस लावायचा. पाणी लालसर दिसलं की आम्ही म्हणायचो, वर कुणीतरी नवा मुरूम उकरलाय.

गाळ तुरटीनं बसतो. शेतातून वाहून आलेला, विरघळलेला युरिया बसत नाही, तो वाळूच्या फिल्टरमधूनही बिनदिक्कत पुढे जातो. शिवाय जंतू मातीच्या कणांआड लपतात, मग क्लोरीन वाढवायचा, आणि ‘पाण्याला वास येतो’ म्हणून फोन सुरू!

नाशिकला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणात पाणी येतं ते ब्रह्मगिरी, त्र्यंबक, काश्यपीकडून. कुंभस्नानाचं रामकुंड धरणाच्या खाली आहे, त्र्यंबक मात्र वर. 2027 च्या कुंभमेळ्यात तिथलं सांडपाणी नीट अडवलं नाही, तर ते आपल्याच धरणाच्या वाटेला लागेल. घाटांच्या फरशीइतकी चर्चा याची होत नाही. बॅकवॉटरकाठच्या रिसॉर्टांचे सेप्टिक टँक कुठे मोकळे होतात, हेही कुणी बघावं.

माझी सासुरवाडी गिरणाऱ्याकडची. मेहुण्याच्या टोमॅटोच्या सऱ्या थेट उताराच्या दिशेनं. संध्याकाळी टाकलेलं खत रात्रीच्या पावसात नाल्यात. बोललो तर म्हणाला, “दाजी, आडव्या सऱ्यांत पाणी तुंबून रोपं सडली तर भरून तुम्ही देणार का?”

प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्क शहरानं 1997 मध्ये वरच्या खोऱ्यातल्या गावांशी करार केला. शेतांतून वाहून जाणारं खत-शेण रोखायला, सेप्टिक टँक दुरुस्त करायला शहरानं पैसे दिले आणि अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्रकल्प टाळला. आपल्याला फिल्टर लागणारच, पण पाणीपट्टीतला थोडा वाटा नाल्याकाठी गवताचा पट्टा सोडणाऱ्या शेतकऱ्याला का देऊ नये?

मेहुण्यानं यंदा नाल्याकडच्या चार सऱ्या मोडून मारवेल गवत लावलंय. म्हशीला चारा होतो म्हणून. नाशिककरांच्या पाण्यासाठी लावलंय म्हटलं की हसतो.

आपला,
एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर, नाशिक