गाडीतला वेळ: आई-बाबांना पत्र

डोंबिवली (पूर्व),
रविवार, दि. ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर आई म्हणाली, "तुझं निम्मं आयुष्य त्या गाडीतच चाललंय," आणि मग मुंबईतच कुठेतरी खोली घेऊन राहा, नाहीतर बदली तरी माग, हा तिचा आग्रह पुन्हा सुरू झाला. त्या वेळी मी फारसे काही बोलले नाही, कारण फोनवर दोन मिनिटांत सांगून संपेल असे ते उत्तर नव्हते. आज मेगाब्लॉक असल्यामुळे बाहेर पडायचे काही कारण नाही आणि पाऊसही लागून राहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी भीतीबद्दल लिहिते, कारण आईच्या आग्रहाच्या मुळाशी भीतीच आहे हे मला ठाऊक आहे. ९ जूनला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून प्रवासी पडले आणि त्यात काहींचा जीव गेला, ती बातमी पाहिल्यापासून तिची झोप उडाली आहे. ही आपल्याच मार्गावरची घटना आहे आणि तिच्यातले दुःख मी कमी लेखत नाही. त्यानंतर काही दिवस मुंब्रा आले की आमच्या डब्यातल्या बायका गप्प होत. रेल्वेने नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे जाहीर केले आहे. ते लवकर व्हावे असे आम्हा सर्वांनाच मनापासून वाटते. आई, मी दारात उभी राहत नाही, धावत गाडी पकडत नाही आणि शक्यतो डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी घेते, एवढे तुला खात्रीने सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बाबा रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले आणि तू रात्रभर गॅलरीत उभी होतीस. ती रात्र मला आठवते, म्हणून तुझ्या काळजीला मी उगाचची काळजी म्हणत नाही.

पण प्रवासात जाणारा वेळ वाया जातो, हे मात्र मला मान्य नाही. घरी असले की घरातली कामे मला हाक मारतात, कार्यालयात असले की तिथली माणसे, आणि या दोन्हींच्या मधला जो वेळ गाडीत जातो तो कोणी मागत नाही. त्या वेळात मी एकटी असते असेही नाही. आजूबाजूला इतक्या बायका असतात की हात वर करायला जागा नसते, तरीही मनाला मोकळीक असते. अशी मोकळीक मला दिवसात दुसरीकडे कुठेही मिळत नाही आणि ती सोडून द्यावी असे मला वाटत नाही.

आमच्या डब्यात जागा कशी ठरते ते आईला मी कधी नीट सांगितलेलेच नाही. गाडीत शिरल्यावर बसलेल्या बाईकडे पाहून नुसते "कुठे?" असे विचारायचे. ती "घाटकोपर" म्हणाली की घाटकोपरला तिची जागा आपली झाली. त्यानंतर दुसऱ्या कोणी विचारले तर ती बाई स्वतःच सांगते, "दिली आहे." कागद नाही, पावती नाही, पुन्हा कधी भेट होईल याची खात्री नाही, आणि तरीही तो शब्द पाळला जातो. उतरताना ती मागे वळून, ज्या बाईला कबूल केले आहे तिला हाताने बोलावून घेते आणि ती जवळ येईपर्यंत जागा सोडत नाही. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकू देण्यासाठी "जरा सरका ना" असे म्हटले की पुटपुटत का होईना, सगळ्या सरकतात. भांडणेही होतात आणि काही वेळा फार कडवट होतात, हे खरे आहे. पण हे न लिहिलेले नियम रोज हजारो अनोळखी बायका पाळतात, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

एक मुलगी माझ्या गाडीला असते. तिचे नाव मला माहीत नाही. कुर्ला गेले की ती पर्समधून छोटा आरसा आणि काजळ काढते आणि नुसती हातात धरून बसते. दादरच्या आधी गाडी बहुतेक वेळा सिग्नलला थांबते. थांबली की ती एका डोळ्यात काजळ घालते, गाडी हलली की हात खाली घेते आणि पुढच्या थांब्याला दुसऱ्या डोळ्यात घालते. एकदा एक डोळा झाल्यावर गाडी पुन्हा मधे न थांबता सरळ दादरला पोहोचली तेव्हा समोरच्या बाईने तिचा आरसा धरला, दुसरीने तिच्या खांद्याला आधार दिला आणि फलाटावर गाडी उभी होती तेवढ्यात तिचा दुसरा डोळा झाला. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. हे पाहून माझा तो सबंध दिवस चांगला गेला.

संध्याकाळी कानातली, क्लिपा आणि टिकल्या विकणाऱ्या बायका येतात. त्या आपली मांडणी वरच्या कडीला अडकवतात आणि कानातल्यांचे पुठ्ठे हातोहात पार खिडकीपर्यंत फिरतात. ज्या बाईला काही घ्यायचे नसते तीसुद्धा पुठ्ठा हातात आला की दोन क्षण निरखून पाहते, कोणाला काय शोभेल ते सांगते आणि मग पुढे देते. पैसे त्याच वाटेने मागे येतात, सुट्टे त्याच वाटेने परत जातात, आणि ते मधे कुठे गहाळ झालेले मी पाहिलेले नाही. पलीकडे कोणी मटार सोलत असते, कोणी हरिपाठ वाचत असते, कोणी बँकेच्या परीक्षेची गणिते उभ्या उभ्या सोडवत असते. नवरात्रात रोजच्या ठरलेल्या रंगाने डबा भरून जातो आणि दसऱ्याच्या सुमारास गाडीला झेंडूची तोरणे बांधून पूजा होते, ते आईला नक्की आवडेल.

बाबा, आता तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. मी लहान असताना तुम्ही मी उठण्याआधी निघायचात आणि रात्री आठनंतर यायचात. तुमच्या दिवसातले मला फक्त तुमचे बूट, घडीची छत्री आणि रिकामा डबा एवढेच दिसत असे. तुम्ही दिवसभर काय करता हे मी कधी विचारले नाही आणि तुम्हीही सांगितले नाही. जेवताना तुम्ही कधीकधी एखादा अभंग गुणगुणत असायचात, तो कुठून यायचा हे मला कळत नसे. आता माझ्या संध्याकाळच्या गाडीत पलीकडच्या जनरल डब्यातून टाळांचा आवाज येतो, पत्र्यावर ठेका धरलेला ऐकू येतो, आणि ठाण्यापर्यंत अभंगामागून अभंग चालू असतात. तुमचे भजनी मंडळ असेच बसत असणार. तुम्ही आमच्यापासून दूर घालवलेल्या त्या तासांत तुम्हाला सोबत होती, गाणे होते, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. हा प्रवास माझ्या वाट्याला आला नसता तर तुमच्या आयुष्याचा एवढा मोठा भाग मला कायमचा अनोळखी राहिला असता.

रेल्वेचा इतिहासही तुम्हीच मला सांगितलात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली चौदा डब्यांची गाडी आणि तिला ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने मला गोष्टीतल्या पात्रांसारखी पाठ होती. या वर्षी ३ फेब्रुवारीला विजेवर चालणाऱ्या गाडीला शंभर वर्षे झाली. १९२५ मध्ये तशी पहिली गाडी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने गेली होती. त्या दिवशी गाडी भायखळ्याला थांबली असताना मला तुमची आठवण झाली. त्या स्थानकाची जुनी इमारत आता फार सुंदर दुरुस्त केली आहे आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला आहे. तुम्ही मुंबईला याल तेव्हा आपण मुद्दाम तिथे उतरू आणि फलाटावर सावकाश फिरू. तुमच्या पासच्या काळात उतरून पाहायला तुम्हाला सवड कधी झाली असेल असे वाटत नाही.

सीएसएमटीला उतरल्यावर मी थोडे आधीच निघालेले असले तर बाहेर येऊन एकदा वर पाहते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत दहा वर्षे बांधली जात होती आणि १८८८ मध्ये पूर्ण झाली, एवढे शाळेत शिकले होते. पण तिच्यावरचे कोरीव काम मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे हे कळल्यापासून मी ते वेगळ्या नजरेने पाहू लागले. दगडात पाने आहेत, फुले आहेत, पिसारा फुलवलेला मोर आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसला आहे. पावसात भिजला की तो दगड गडद होतो आणि कोरीव कामाच्या कडा अधिक ठळक दिसतात. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालत गेले की ऊन लागत नाही आणि छत्रीही फारशी उघडावी लागत नाही. तुमची वाट हीच होती, हे तुमच्या एका जुन्या मित्राने मला सांगितले.

आता हवेबद्दल. ठाण्याहून पुढे सकाळी मुंबईकडे जाताना ऊन डाव्या हाताच्या खिडक्यांतून येते, आणि संध्याकाळी परतताना मावळतीचे ऊनही डावीकडूनच येते, कारण गाडीची दिशा बदललेली असते. म्हणून उन्हाळ्यात शहाणी बाई दोन्ही वेळा उजवीकडची, गाडीच्या तोंडाकडे पाहणारी खिडकी धरते. तुम्हाला हे नक्की ठाऊक असणार. अशी खिडकी मला क्वचितच मिळते, पण मिळाली तर परतीच्या वाटेवर ठाणे सोडल्यानंतर खाडीच्या पुलावर जी हवा येते तिच्याने दिवसभराचा शीण उतरतो. गाडीचा आवाज पुलावर एकदम बदलतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि खारफुटी दिसते, आणि मोबाइल पाहणाऱ्या बायकाही मान वर करतात. पुढे मुंब्र्याच्या डोंगरावर या दिवसांत पांढऱ्या धारा उतरलेल्या असतात आणि देवीचे देऊळ ढगात असते. त्या हिरव्या रंगाकडे पाहताना मला आपल्या घरामागची टेकडी आठवते.

बदलीचे मी विचार करून ठरवले आहे. अर्ज करणार नाही. मुंबईत खोली घेतली तर पगारातला मोठा हिस्सा भाड्यात जाईल, आणि वाचलेले तास मी आणखी कामातच घालीन, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पुढे कधी तब्येतीने साथ दिली नाही किंवा घरची जबाबदारी वाढली तर निर्णय बदलीन. तेवढा हट्ट मी धरणार नाही. आईने मात्र रोज रात्री "पोहोचलीस का?" असे विचारावे. ते मला आवडते, आणि उतरल्याबरोबर कळवण्याची सवय मी मोडणार नाही.

गणपती २७ तारखेला आहेत. कोकण रेल्वेचे आरक्षण नक्की झाले आहे आणि मी संगमेश्वरला उतरणार आहे. बाबा, पावसात मला घ्यायला स्टेशनवर येऊ नका, मी एसटीने देवरुखला येईन. आईसाठी गाडीतल्या त्या कानातल्यांपैकी एक मोत्यांचा जोड घेऊन ठेवला आहे. आमच्या बाकावरच्या सगळ्या जणींनी मिळून तो पसंत केला आहे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या आहेत ते मोजून कळवा, म्हणजे येताना घेऊन येईन. मखराला कापड लागणार असेल तर मापही सांगा, दादरला उतरून आणता येईल.

तुमची,
सुमी