तुझ्या संहितेतला सिद्दी

मुरूड

चि. मानसी हिस,
अनेक आशीर्वाद.

जंजिऱ्यावरच्या तुझ्या लघुपटाची संहिता वाचली. संवाद छान उतरलेत, पण सिद्दी सरदार मला फार खटकला. तो पडद्यावर येतो तोच घामेजलेला काळा चेहरा आणि गडगडाटी हसणं घेऊन. त्याने अजून काहीच केलेलं नाही, तरी प्रेक्षकाला त्याचा राग यायला हवा. कशावरून? नुसत्या रंगावरून!

अगं, अशी चित्रं पडद्यावरच राहत नाहीत. १९१५ साली अमेरिकेत 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय माणसं हिंस्र दाखवली आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेला तारणहार ठरवलं. व्हाइट हाऊसमध्येही त्याचा खेळ झाला. संपलेली ती संघटना त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली आणि पुढे सभासद जमवायला हाच सिनेमा वापरत राहिली.

म्हणून १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मधली ती थप्पड मला इतकी मोलाची वाटते. गोरा मळेवाला थोबाडीत मारतो आणि कृष्णवर्णीय नट सिडनी पॉइटिए क्षणही न दवडता उलट थोबाडीत देतो. गोष्ट मिसिसिपीतली, पण चित्रीकरण बरंचसं उत्तरेत, इलिनॉयमध्ये झालं. दक्षिणेत जायला पॉइटिए तयार नव्हता, तिथे त्याच्या जिवाला धोका होता. एवढा मोठा नट, तरीही!

महाराजांचं आणि सिद्दीचं वैर लपवू नकोस. किनाऱ्यावरच्या रयतेने सिद्दीचा जाच सोसला, तोही दाखव. पण ते भांडण समुद्रावरच्या सत्तेचं होतं, कातडीचं नव्हे. आफ्रिकेतून आलेल्या या दर्यावर्दींच्या घराण्याने इथे १९४८ पर्यंत राज्य केलं. खोकरीच्या घुमटांत त्यांच्या कबरी आपण पाहिल्यात. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकन मुलांना लोक रस्त्यात काय काय म्हणतात, हे तूच मला रडकुंडीला येऊन सांगितलं होतंस ना? त्या लोकांच्या डोक्यात ते कुठून आलं असेल, याचा विचार कर.

सरदाराला नाव दे. तो पहिल्यांदा दिसेल तेव्हा काहीतरी कामात असू दे, तोफेची जागा ठरवत असेल, भरतीची वेळ विचारत असेल. ते हसणं काढूनच टाक. नवा खर्डा झाला की लगेच पाठव, मी रात्री जागून वाचेन.

तुझी,
आई